पैसे पूर्ण देतो, पण पाठलाग करू नका

अंबरनाथहून सकाळची लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसायचे, दिघा गाव गेले की ऐरोलीला उतरायचे आणि रिक्षावाल्याला ‘फ्लेमिंगो सेंटर’ म्हणून सांगायचे. घराचे दार ओढल्यापासून बोटीच्या धक्क्यापर्यंत साधारण दीड तास लागतो. अंबरनाथच्या बुवापाड्यात, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, बदलापुरात अशी कितीतरी कुटुंबे आहेत ज्यांनी हे अजून केलेले नाही, कारण समुद्रातले जीव पाहायचे तर मालवणलाच जायला हवे असा आपल्याकडे पक्का समज आहे. मालवणला अवश्य जा, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण बोटीतून पक्षी-प्राणी पाहायची सवय घराजवळच्या खाडीत लावून घेतली, तर पुढे कोकणच्या समुद्रात डॉल्फिन बघताना नेमके काय करायचे आणि काय टाळायचे हे आपोआप समजते. म्हणून आधी खाडी.

ठाणे खाडीचा काही भाग राज्य सरकारने २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. क्षेत्र सुमारे सतरा चौरस किलोमीटर, त्यात निम्म्याहून थोडी अधिक कांदळवने आणि उरलेले पाणी व चिखलाचे पट्टे. २०२२ साली खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोलीचे केंद्र वनविभागाच्या कांदळवन कक्षाने आणि कांदळवन प्रतिष्ठानने उभारले आहे. तिथून बोटीची फेरी निघते, शिवाय लहानसे प्रदर्शन आहे. मुले बरोबर असतील तर ते आधी बघा, मग बोटीत त्यांचे प्रश्न निम्म्याने कमी होतात आणि डोळे दुप्पट उघडे राहतात. बोटीचे आसन आगाऊ नोंदवावे लागते. जानेवारी ते मार्चमधले शनिवार-रविवार फार लवकर भरतात, तेव्हा जमेल त्यांनी रजा टाकून मधल्या वारी जावे.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, काही ठिकाणी अग्निपंखही म्हणतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून ते इथे मोठ्या संख्येने यायला लागले. आता हंगामात लाखाच्या घरात पक्षी मोजले गेले आहेत. साधारण नोव्हेंबरपासून यायला सुरुवात होते, जानेवारीनंतर गर्दी वाढते आणि पहिल्या पावसाच्या सुमारास बहुतेक निघून जातात. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने २०२२ मध्ये काही पक्ष्यांच्या अंगावर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा ते इथून गुजरातकडे कसे जातात याची वाट दिसू लागली. कच्छच्या रणात त्यांची वीण होते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खाडीत जायचे तर आधी भिंतीवरचे कालनिर्णय बघा, मग मोबाइलवरचे हवामान. बोटीला तरंगायला पाणी लागते आणि रोहिताला चरायला चिखल लागतो. दोघांचेही जमेल अशी वेळ भरती-ओहोटीच्या मधली असते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि पक्षी आतल्या तळ्यांकडे जाऊन बसतात. पूर्ण ओहोटीला चिखलावर पक्षीच पक्षी असतात, पण बोट तिथवर पोचत नाही. म्हणून पाणी चढत असताना शेवटचा दीड-दोन तास किंवा पाणी उतरायला लागल्यावरचा पहिला दीड-दोन तास पकडायचा.

ही वेळ काढायला कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब अजूनही चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर भरती. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या आसपास आणि पहाटे तीनच्या आसपास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आतबाहेर. कृष्ण पक्षातही हिशेब प्रतिपदेपासून पुन्हा तसाच सुरू होतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि खाडीत आत पाणी पोचायला किनाऱ्यापेक्षा आणखी थोडा उशीर लागतो, हे लक्षात ठेवले की पुरे. बोटीची नेमकी वेळ केंद्र देतेच. पण कुठल्या आठवड्यात रजा टाकावी हे ठरवायला हा हिशेब फार कामाचा आहे. माझ्या मते दशमी ते द्वादशी हे दिवस ऐरोलीसाठी उत्तम. भरती सकाळी साडेसात ते नऊच्या सुमारास येते, तुम्ही पोचता तेव्हा पाणी नुकतेच उतरायला लागलेले असते आणि ऊन अजून कोवळे असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फारसे चढत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाणी भरपूर, पण भर दुपारी.

बसताना एवढे पाहा की सकाळी सूर्य ऐरोलीच्या बाजूला असतो. म्हणजे पश्चिमेकडे, भांडुपच्या बाजूला बघाल तेव्हा ऊन तुमच्या पाठीवर असेल आणि पक्ष्यांचा रंग खरा दिसेल. उलट बाजूला सगळे काळ्या सावल्यांसारखे दिसतात.

बोट थांबली की लगेच फोटो काढू नका. एकाच पक्ष्यावर दुर्बीण लावा आणि दोन मिनिटे फक्त तोच बघा. मान पायांच्या मधे खाली सोडलेली, चोच उलटी, वरचा भाग खाली आणि खालचा वर. जीभ सतत मागेपुढे होत असते, पाणी आत घेऊन चोचीच्या कडांवरच्या जाळीतून बाहेर सोडते आणि सूक्ष्म शैवाल आत राहते. त्याच वेळी पाय जागच्या जागी चिखल तुडवत असतात. पक्षी पुढे गेला की मागे चिखलात गोल खळगे राहतात. पाणी ओसरल्यावर ते दिसतात. आखूड, गडद लाल चोचीचा आणि साधारण तीन फूट उंचीचा तो छोटा रोहित. इथे त्याचीच संख्या जास्त. फिकट गुलाबी चोच, टोकाला काळी आणि पाय खूप लांब असतील तर तो मोठा रोहित. राखाडी-पांढुरके पक्षी दिसले तर ते आजारी नाहीत, ती वर्ष-दोन वर्षांची पिल्ले आहेत. अंगावरचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, तो चढायला वेळ लागतो. म्हणूनच एप्रिलमध्ये थवा नोव्हेंबरपेक्षा रंगदार दिसतो.

रोहित बघायला आलेले लोक रोहितच बघून परत जातात, हे मला फार खटकते. बोटीच्या दोन्ही बाजूंना तिवर, कांदळ आणि चिपी उभी असते. चिपी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे वर आलेली दिसतील, ती झाडाची श्वास घेण्याची सोय आहे. त्याच मुळांमध्ये निवट्या सरपटताना दिसतात. हा मासा असूनही ओल्या कातडीच्या जोरावर पाण्याबाहेर राहतो आणि कल्ल्यांजवळच्या परांवर भार देऊन पुढे सरकतो. एक पंजा मोठा आणि एक छोटा असलेला खेकडा त्याच चिखलात पंजा हलवत असतो. वर तारेवर खंड्या, खांबावर ब्राह्मणी घार, उथळ पाण्यात शेकाट्या आणि तुतवार. खाडीच्या कांदळवनात सोनेरी कोल्हेही राहतात. भल्या सकाळच्या फेरीत कधी एखादा चिखलाच्या कडेने चालताना दिसतो.

ज्यांना बोट झेपत नाही, वयस्कर आहेत किंवा गुडघ्याने त्रस्त आहेत, त्यांनी उलट पूर्ण भरतीच्या वेळी नेरूळ-सीवूड्सकडचा डीपीएस तलाव गाठावा. चिखल बुडाला की थवे तिथे विसाव्याला येतात आणि काठावर उभे राहून दिसतात. या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, तो नवी मुंबईतल्या नागरिकांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यामुळे.

एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे अंबरनाथ-उल्हासनगरकरांसाठी वेगळी सांगायला हवी. वालधुनी नदी आपल्याच डोंगरात उगम पावते, अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून वाहते, मग कारखान्यांचे पाणी, गटारे आणि आपण टाकलेल्या पिशव्या घेऊन उल्हासनगरातून कल्याणला उल्हास नदीत जाते. उल्हासचे पाणी मुख्यतः वसईच्या खाडीने समुद्राला मिळते आणि ठाण्याजवळ एका अरुंद फाट्याने ठाणे खाडीशीही त्याचे नाते आहे. बोटीतून तिवराच्या फांद्यांवर भरतीच्या रेषेएवढ्या उंचीवर अडकलेले प्लास्टिक दिसेल. ते मुलांना दाखवा आणि कुठून येत असेल ते विचारा. त्याचे उत्तर त्यांना घरी परत आल्यावर वालधुनीच्या पुलावरून दिसेल.

आता कोकण. दापोलीकडे जायचे तर रेल्वेने खेड, मालवण-वेंगुर्ल्याकडे जायचे तर कुडाळ किंवा सिंधुदुर्ग. आपल्या भागाला सोयीची म्हणजे दिवा-सावंतवाडी गाडी, लोकलने दिव्याला उतरले की झाले. मांडवी एक्सप्रेस ठाण्याला थांबते. दापोली तालुक्यात मुरूड, कर्दे, हर्णै, गुहागरच्या बाजूला दाभोळची खाडी, सिंधुदुर्गात तारकर्ली, देवबाग, निवती आणि वेंगुर्ले, इथे डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आहेत.

या किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा एकाच जातीचा असतो. पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर लहानसा पर, अंगाचा रंग शिशासारखा, लांबी सात-आठ फूट. शास्त्रीय नाव सौसा प्लंबिया. तो खोल समुद्रात जात नाही. वीस-पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात, किनाऱ्यालगत आणि खास करून नद्यांच्या मुखांशी राहतो, कारण तिथे मासे असतात. कर्लीच्या मुखाशी देवबाग, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ, ही ठिकाणे उगाच प्रसिद्ध नाहीत. किनाऱ्याला चिकटून राहण्याच्या याच सवयीमुळे जाळी, बोटी, बंदरे, सांडपाणी हे सगळे त्याच्या वाट्याला येते. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत आज तो ‘संकटग्रस्त’ गणला जातो. मादीला काही वर्षांतून एकदा एकच पिल्लू होते, त्यामुळे झालेले नुकसान भरून यायला फार वेळ लागतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचे स्थान आहे, म्हणजे कायद्याने त्याला वाघाएवढेच संरक्षण आहे.

सिनेमात दिसतो तसा तो पाण्याबाहेर उंच झेप घेणारा नाही. क्वचित घेतो. त्याला पाहायचे म्हणजे श्वास पाहायचा. शांत पाण्यात आधी फुस्स असा आवाज येतो, मग चोच, मग कपाळ, मग पाठीचा उंचवटा आणि शेवटी पर, सगळे एका संथ वळणात वर येऊन खाली जाते. अर्ध्या-एक मिनिटात तो पुन्हा वर येतो, असे तीन-चार वेळा होते, मग लांब बुडी आणि काही मिनिटे पाणी मोकळे. पहिल्यांदा जाणारे इथेच चुकतात. डॉल्फिन दिसेनासा झाला की ‘गेला, गेला, चला पुढे’ असा गलका होतो आणि बोट जोरात सुटते. खरे तर तो त्याच भागात असतो. इंजिन बंद ठेवून पाच-सात मिनिटे थांबलात तर बहुतेक वेळा थोड्याच अंतरावर पुन्हा श्वास ऐकू येतो. पिल्लू असेल तर ते आईच्या बाजूला अगदी चिकटून वर येते, रंगाने फिकट.

समुद्रावर जायची वेळही वाऱ्यावर ठरते. सकाळी जमिनीकडून मतलई वारे असतात, पाणी सपाट असते आणि पर लांबून दिसतो. दुपारनंतर खारे वारे सुटले की लाटांना पांढरे तुरे येतात आणि त्यात काहीही ओळखणे कठीण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी सात ते दहा. याशिवाय दुसरी वेळ कोणी सुचवली तर ती त्याच्या सोयीची आहे, तुमच्या नाही.

या सगळ्यात प्रवाशाच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट कोणती असेल तर ती धक्क्यावर, बोटीत पाय ठेवण्याआधी बोलायची आहे. कोकणात बऱ्याच ठिकाणी ‘डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत’ असे सांगून फेऱ्या विकल्या जातात. ऐकायला हा गिऱ्हाइकाच्या फायद्याचा सौदा वाटतो, पण परिणाम पाहा. तांडेलाचे डिझेल जळालेले असते, पगारी माणूस बरोबर असतो आणि डॉल्फिन दिसला नाही तर सकाळ फुकट. मग एका बोटीला पर दिसला की मोबाइलवर निरोप जातात, सहा-सात बोटी चहूबाजूंनी येतात आणि डॉल्फिनला मधे घेऊन त्याच्या पुढे पुढे पळवतात. तो श्वासाला वर यायचे टाळतो, बुड्या लांबवतो, कळप विखुरतो, आई आणि पिल्लाची ताटातूट होऊ शकते. चरायच्या वेळी चरता येत नाही. बोटवाल्याला दोष देऊन इथे काही साधणार नाही. त्याला तसे वागायला भाग पाडणारा सौदा आपण केलेला असतो.

म्हणून वेगळा सौदा करा. स्पष्ट शब्दांत सांगा: “दादा, दिसो न दिसो, पैसे पूर्ण देतो. पण पाठलाग करू नका, आधीच दोन बोटी असतील तर आपण तिथे जायचे नाही, आणि दिसल्यावर इंजिन बंद करा.” हे चढण्याआधी सांगितले पाहिजे. बोट सुटल्यावर सांगितले तर कोणी ऐकत नाही, शिवाय बोटीतले इतर लोक तुमच्यावरच वैतागतात. शक्य असेल तर दोन-तीन कुटुंबांचे टोळके करून पूर्ण बोट ठरवा, म्हणजे तुमचाच शब्द चालतो. आणि फेरी चांगली झाली तर वरून थोडे जास्त द्या, कशासाठी दिले ते सांगून द्या. कोकणातला मच्छीमार समुद्र आपल्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखतो. त्याला पळवापळवीचे पैसे मिळतात म्हणून तो पळवतो, थांबण्याचे मिळाले तर तो तुम्हाला समुद्रातल्या दहा गोष्टी दाखवील.

अंतर किती ठेवायचे हाही प्रश्न येतो. अनेक देशांत डॉल्फिनपासून निदान पन्नास मीटर आणि देवमाशापासून शंभर मीटर राहण्याचे नियम आहेत. अंदाजासाठी पन्नास मीटर म्हणजे आपल्या लोकलच्या अडीच डब्यांएवढे. समोरून आडवे जायचे नाही, मागून पाठ धरायची नाही, बाजूने समांतर आणि हळू जायचे. डॉल्फिन स्वतः जवळ आला तर येऊ द्यावा, बोट जागेवर ठेवावी. शिट्ट्या, टाळ्या, बोटीच्या फळ्या बडवणे हे प्रकार पाण्याखाली फार मोठे ऐकू जातात आणि डॉल्फिनचे सगळे जगणेच आवाजावर चालते.

खाऊ घालण्याबद्दलही सांगतो. गेटवेहून मांडव्याला किंवा घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर कुरव पक्ष्यांना शेव, गाठ्या, चिप्स फेकायची चालच पडली आहे. पाकिटे तिथेच विकत मिळतात. हे पक्षी लडाख आणि मध्य आशियातून हिवाळा काढायला आपल्याकडे येतात आणि परतीचे हजारो किलोमीटर उडायचे बळ त्यांना इथल्या माशांतून मिळवायचे असते, तळलेल्या पिठातून आणि मिठातून नाही. रिकामी पाकिटे पाण्यात जातात ते वेगळेच. मुलांना पक्षी जवळून दिसतात म्हणून आनंद होतो, हे मला कळते. तरीही मुलाच्या हातात पाकीट देऊ नका. लाँचच्या मागे पंखा पाणी ढवळतो तिथे कुरव स्वतःच मासे टिपायला येतात, पाच मिनिटे मागच्या बाजूला उभे राहा.

सुरक्षिततेत तडजोड नको. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीने धडक दिली आणि पंधरा माणसे गेली. शांत दिवस, रोजचा मार्ग, आणि तरीही. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे आवळल्याशिवाय बोट सुटू देऊ नका. बाकाखाली रचून ठेवलेली जॅकेटे बुडताना कोणाच्या उपयोगाची नसतात. लहान मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले तर ते पाण्यात वर सरकते आणि मूल खाली जाते, तेव्हा मुलांच्या मापाचे आहे का हे आधीच विचारा. नसेल तर त्या बोटीत बसू नका, अगदी सगळे बसलेले असले तरी. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे हे लिहिलेले असते, मोजून बघा. डॉल्फिन दिसल्यावर सगळे एका बाजूला धावतात आणि छोटी बोट कलंडते. आपल्या माणसांना आधीच सांगून ठेवा की बसल्या जागेवरून बघायचे, तांडेल बोट फिरवील. पावसाळ्यात, जून ते ऑगस्ट, कोणी कितीही आग्रह केला तरी समुद्रात जायचे नाही.

बोट लागणाऱ्यांनी अगदी रिकाम्या पोटी जाऊ नये आणि भरल्या पोटीही नको. दोन इडल्या किंवा एखादे केळे ठीक. उलटीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी अर्धा-एक तास. बोटीत चढल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. मधल्या किंवा मागच्या भागात बसा, तिथे हेलकावे कमी बसतात. मोबाइलच्या पडद्यात डोके घालू नका, नजर क्षितिजावर ठेवा. डोक्यावर दोरी बांधलेली टोपी, पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा सदरा, पाण्याची बाटली. दुर्बीण घ्यायची असेल तर आठ पटीची घ्या, आठ बाय चाळीस किंवा आठ बाय बेचाळीस. बारा आणि वीस पटीच्या दुर्बिणी दुकानात भारी वाटतात, पण हलत्या बोटीत त्यातून काहीच स्थिर दिसत नाही. ड्रोन घरी ठेवा, अभयारण्यात तो परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि थव्याला त्याची फार दहशत बसते.

वेंगुर्ल्याला गेलात तर मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवन सफर चुकवू नका. या बायका वल्हवून होडी नेतात, इंजिन नाही, त्यामुळे खंड्या आणि खेकडे अगदी जवळून दिसतात. प्रत्येक झाडाचे नाव आणि उपयोग त्यांना ठाऊक आहे आणि पैसे थेट त्यांच्या घरात जातात. मी कोणाला कोकणातली एकच बोट सुचवायची झाली तर हीच सुचवतो, डॉल्फिनच्याही आधी.

कासवांसाठी बोट लागत नाही, तरी किनाऱ्याच्या सफरीत त्यांना जागा ठेवावी. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी-मार्चनंतर पिल्ले समुद्रात सोडली जातात, राहायची सोय गावातल्याच घरांतून होते. २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री नावाच्या कासवाच्या पाठीवर यंत्र बसवले, तर ती श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत पोचली. पिल्ले पाहताना मोबाइलचा प्रकाश अजिबात टाकू नका, ती उजेडाकडे वळतात आणि समुद्र चुकतात.

देवमासेही आपल्या समुद्रात आहेत. सिंधुदुर्गच्या पाण्यात ब्राइड्स व्हेलची नोंद संशोधकांनी केली आहे आणि २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासे दिसले होते. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागला आणि मेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिल्लू वाळूत अडकले. गावकरी, वनविभाग आणि तटरक्षक दलाने दोन दिवस झटून त्याला खोल पाण्यात नेले, पण ते परत किनाऱ्याला आले आणि वाचले नाही. पर्यटकांची गर्दी त्या वेळी फार होती.

असा प्रसंग तुमच्यासमोर आला तर काय करायचे हे आधीच ठाऊक असावे. डॉल्फिन किंवा देवमाशाला शेपटी-परांना धरून ओढू नका. डोक्यावरचे भोक म्हणजे त्याचे नाक, त्यात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नका. ओले फडके अंगावर टाका, पण नाक मोकळे ठेवा. ऊन असेल तर सावली करा. कुत्री आणि माणसे दोन्ही लांब ठेवा, सेल्फी घेणाऱ्यांना स्पष्ट बोला. किनाऱ्यावर अशक्त पडलेले कासव पुन्हा पाण्यात ढकलू नका, ते आजारी असल्यानेच बाहेर आलेले असू शकते. वनविभागाच्या हॅलो फॉरेस्ट मदत क्रमांकावर, १९२६ ला, फोन करा आणि माणसे येईपर्यंत तिथेच थांबा. क्रमांक आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.